नवरदेवाची गाडी कुणी झोपवली?

१

नवरदेव मासळीच्या टेम्पोतून लग्नाला पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हारान माइती चोर ठरला.

गाडी पिनाकी शीलची. पांढरी, जुनी, पेट्रोलवर चालणारी अँबॅसेडर. आमच्या शोभाबाजारातल्या निम्म्या नवरदेवांना तिनेच बोहल्यापर्यंत पोचवलंय. त्या संध्याकाळी ती रजनीगंधाच्या माळांनी मढून आणि टपावर दिव्यांची माळ मिरवत बरानगरला निघाली. मागे नवरदेव, कपाळावर चंदनाची नक्षी, मांडीवर टोपोर, म्हणजे आमच्याकडचा नवरदेवाचा मुकुट. पुढे चाकावर हारानदा. श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात गाडीचे दिवे आधी पिवळे पडले, मग तांबूस झाले. हॉर्नचा घसा बसला. इंजिनाला दोनदा ठसका लागला आणि गाडी गप्प झाली. वऱ्हाडातल्या थोरामोठ्यांनी रेशमी धोतरं खोचून धक्का मारला, पण इंजिन काही लागेना. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा कुणीतरी समोरून येणारा मासळीचा टेम्पो अडवला.

असं एकदाच झालं असतं तर लोकांनी नशिबाला दोष देऊन सोडून दिलं असतं. पण आदल्या आठवड्यातल्या लग्नातही गाडी अशीच झोपली होती. तेव्हा पिनाकीने माझ्याकडून कोरी बॅटरी नेली. मी निमाई साधुखाँ, माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान याच गल्लीच्या तोंडाशी आहे. कोरी बॅटरी आठवडाभरात मेली म्हटल्यावर पिनाकीचं पित्त खवळलं.

सकाळी पिनाकीच्या गॅरेजसमोर सगळी गल्ली गोळा झाली होती. पिनाकी ओरडला, "नवी बॅटरी कुठे विकलीस ते सांग, आणि ही मेलेली कुठून आणून बसवलीस?"

वीसेक वर्षांत पिनाकीने हारानदाला कधी एकेरी हाक मारली नव्हती. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला.

"बाबू, मी तुमची बॅटरी विकेन?"

"मग कोण? माझा भाचा टुबलू हीच गाडी चालवतो, त्याच्या हातात ती कधी बंद पडते का? फक्त तुझ्या हातात मरते! परवा बागबाजारचं लग्न आहे. तोवर कबूल कर. नाहीतर श्यामबाजारच्या स्टँडवर जाऊन मी स्वतः सांगतो की हा चोर आहे. बघू मग कोण तुला चाक देतो!"

हे मात्र खरं होतं. स्टँडवर एकदा नाव गेलं की या शहरात ड्रायव्हरला पुन्हा गाडी मिळत नाही. मी पुढे होऊन, गाडीतून काढून खाली ठेवलेली बॅटरी पाहिली. झाकणावर माझ्या दुकानाची खूण होती, मीच कोरलेली.

"पिनाकी, अरे ही तीच आहे. मी दिलेली."

"असं? म्हणजे तूसुद्धा सामील!"

लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मलाही घाम फुटला.

२

तेवढ्यात गर्दी दोन्ही बाजूंनी सरकली. मधून एक बाई आल्या. साठी उलटलेली, कडक इस्त्रीची हातमागाची तांताची साडी, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा, आणि हातात मुढीचा कागदी ठोंगा. कुरमुरे तोंडात टाकत त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"मी हैमंती गुहनियोगी. काल टेम्पोतून गेला तो माझा भाचा. आज सकाळपासून सासरची पोरं त्याला 'भेटकीबाबू' म्हणतायत. हा मासा त्याला जन्मभर चिकटणार. तेव्हा हे कुणी केलं ते मला कळलंच पाहिजे."

पिनाकी हात जोडून म्हणाला, "दीदी, चोर समोर उभा आहे."

"ते मी ठरवीन. विमा कंपनीत सर्वेयर होते मी. ठोकलेल्या आणि जाळलेल्या गाड्या बघण्यात जन्म गेला. मला खोटं सांगणारे तुझ्याहून मोठमोठे लोक भेटलेत."

आमच्या मुश्ताक मिस्त्रीने लगबगीने बॉनेट उघडायला हात घातला. हैमंतीदींनी त्याच्या हातावर चष्म्याची काडी मारली.

"बॉनेट मी शेवटी उघडते. आधी माणसं उघडते. आणि तू, बॅटरीवाल्या, माझ्याबरोबर चल. संशयित माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा."

अशा रीतीने मी त्यांचा मदतनीसही झालो आणि कैदीही. मनातून मला बरंच वाटलं, कारण बाई हुशार दिसत होत्या आणि माझ्या दुकानाची अब्रूही त्यांच्याच हातात होती.

आधी त्यांनी ती बॅटरी माझ्या दुकानात चार्जिंगला लावायला लावली. दुपारपर्यंत ती पूर्ण भरली आणि तासभर दिवा लावूनही टिकली. बॅटरीत काडीचा दोष नव्हता.

"तू सुटलास," हैमंतीदी म्हणाल्या. "आता सांग, चांगली बॅटरी उपाशी का मरते?"

"चालत्या गाडीत आल्टरनेटर तिला वीज भरवतो. त्याने भरवलं नाही, तर दिवे, हॉर्न आणि इंजिन तिचंच खातात आणि ती रिकामी होते."

"म्हणजे कुणीतरी घास अडवतोय. आणि फक्त हारानच्या ताटातला."

३

टुबलू रकावर, म्हणजे घराबाहेरच्या ओट्यावर, पाय पसरून तेलेभाजा खात बसला होता. डोळ्यांवर काळा गॉगल.

"पिशी, खरं सांगू?" त्याने हैमंतीदींना लगेच आत्या करून टाकलं. "गाडी म्हातारीच आहे, पण माझं ऐकते. दुर्गापूजेच्या आधीपासून मीच चालवतोय. विमानतळ, दक्षिणेश्वर, सगळीकडे. एकदासुद्धा रुसली नाही. लग्नाची भाडी मामा मलाच का देत नाही कोण जाणे."

"म्हणजे हारान गेला तर तुझा फायदा."

टुबलूने हातातलं भजं खाली ठेवलं. "मी तसं नाही म्हटलं!"

"मग मी म्हणते. बरं, गाडी सुरू कशी करतोस?"

"चावी मारली, इंजिन लागलं, की दोनदा जोरात रेस देतो. घ्वां! घ्वां! गल्लीतल्या मुली खिडकीत येतात."

मला राहवलं नाही. "मुली नाही रे, समोरच्या बहिऱ्या पंचाननकाकांच्यासुद्धा शिव्या येतात."

"आणि चावी फिरवताना नजर कुठे असते?" हैमंतीदींनी विचारलं.

"मोबाइलवर. गाणं लावायचं असतं ना!"

त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि मुश्ताककडे वळल्या. मुश्ताक मिस्त्री म्हणजे ताठ मानेचा माणूस. त्याच्या कामाला नाव ठेवलं की तो आधी छाती पुढे काढतो आणि मग बोलतो.

"या गाडीचा जुना डायनामो काढून आल्टरनेटर मी बसवलाय. या हातांनी! पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तपासली, काल रात्री ओढून आणल्यावर दुसरी बॅटरी जोडून पुन्हा तपासली. पट्टा घट्ट, वायरी पक्क्या. मीटर लावला, रेस दिली. चौदा व्होल्ट! चौदा म्हणजे बॅटरी मजेत जेवतेय. दोष असला तर तो चालवणाऱ्याच्या हातात आहे, माझ्या कामात नाही."

"रेस देण्याआधी मीटर पाहिलास?"

"रेस दिल्याशिवाय काय पाहायचं?"

"आणि चावी?"

"खिडकीतून हात घालून फिरवतो आणि लगेच बॉनेटकडे पळतो. माझं काम पुढे असतं, आत काय नाटक बघायचंय का?"

हैमंतीदींनी ठोंग्यातले शेवटचे कुरमुरे तोंडात टाकले. त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"निमाई," त्या हळूच म्हणाल्या, "दोन माणसं चावी फिरवतात आणि दोघंही आत बघत नाहीत. तिसरा बघतो का, ते बघू."

४

हारानदा बागबाजारच्या घाटावर पायरीवर बसला होता. ऊन छान पडलं होतं, पण त्याचं लक्ष नदीकडे नव्हतं. आम्हाला पाहून तो उठायला लागला, तशा हैमंतीदीच त्याच्या शेजारी बसल्या.

"माझ्या भाच्याला भर चौकात सोडलंत, हारानबाबू."

त्याने मान खाली घातली. "दीदी, इतके नवरदेव नेले. कुणाच्या धोतराला चुणी पडू दिली नाही. आता स्टँडवर कुठल्या तोंडाने जाऊ? गावी बायकोला अजून सांगितलं नाही. काय सांगायचं तिला?"

म्हाताऱ्याने मनगटाने डोळे पुसले. मला पिनाकीचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याच्या तोंडावर बोललो असतो.

"रडू नका, कामाचं सांगा," हैमंतीदी म्हणाल्या. पण आवाज मऊ होता. "गाडी सुरू करताना काय करता?"

"आईला नमस्कार करतो. डॅशबोर्डवर कालीमा आहे ना. डोळे मिटतो, चावी फिरवतो. इंजिन लागलं की हळूच गिअर टाकतो. रेस देत नाही. गाडी जुनी, मागे नवरदेव बसलेला. लग्नाची गाडी कशी, डुलत डुलत गेली पाहिजे."

"कालीमापुढे दिवा आहे?"

हारानदाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच जरा उजेड आला. "आहे ना! छोटासा, लाल काचेआड. चावी फिरवली की लागतो. आणि दीदी, त्या दिव्याची तर गंमतच झाली. भाद्रात, विश्वकर्मा पूजेच्या सकाळी गाडीला फुलं वाहायला गेलो, तर दिवा लागेना. बल्ब गेलेला. जीव हळहळला. त्या दिवशी कोण हत्याराला हात लावणार? मी तशीच गावाकडची ट्रेन पकडली. गावची दुर्गापूजा, कालीपूजा सगळं आटोपून परत आलो तर दिवा लख्ख! बाबूंना विचारलं, ते म्हणाले, त्याच दिवशी संध्याकाळी आपोआप लागला. आईनेच लावला, दीदी. स्वतः."

हैमंतीदी एकदम उठून उभ्या राहिल्या.

"निमाई! विश्वकर्मा पूजेला तुझं दुकान उघडं होतं?"

"छे! त्या दिवशी कोण दुकान उघडतं? अख्खा बाजार बंद. मी आणि टुबलू दिवसभर माझ्या गच्चीवर पतंग उडवत होतो."

"आणि मुश्ताक?"

"त्याच्या गॅरेजात पूजा होती. सगळी हत्यारं धुऊन, टिळा लावून ठेवलेली. त्या दिवशी मुश्ताक पान्याला शिवत नाही. लाख रुपये दिले तरी नाही."

"मग चोरी झालीच आहे," हैमंतीदी म्हणाल्या. "पण बॅटरीची नाही."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली पुन्हा पिनाकीच्या दारात होती. भरलेली बॅटरी गाडीत बसवली होती. बॉनेट उघडं होतं, आणि मुश्ताकचा मीटर सगळ्यांना दिसेल असा टांगला होता.

"हारानबाबू, तुमच्या पद्धतीने सुरू करा. मग दिवे लावा."

हारानदाने डोळे मिटून नमस्कार केला आणि चावी फिरवली. इंजिन हलकेच गुरगुरू लागलं. मीटरचा काटा बारावर होता. दिवे लागले तसा तो खाली घसरू लागला. मुश्ताक पुढे वाकला. त्याला डोळ्यांवर विश्वास बसेना.

"बंद करा. आता टुबलू, तुझ्या पद्धतीने."

घ्वां! घ्वां! काटा उडी मारून चौदावर गेला आणि तिथेच बसला. टुबलूने पाय काढला तरी तो ढळला नाही.

गर्दीत कुजबुज झाली. पिनाकीने टाळी वाजवली. "बघा! गाडी चांगली आहे, हारानच खराब आहे!"

"गप्प बस!" हैमंतीदींचा आवाज असा लागला की पिनाकीने हात मागे घेतले. "आता मी फक्त चावी फिरवते, इंजिन लावत नाही. सगळ्यांनी आत बघायचं. मुश्ताक, तूसुद्धा. आज नाटक आतच आहे."

आम्ही चारही खिडक्यांतून डोकी घातली. चावी फिरली.

"काय लागलं?"

"ऑइलचा लाल दिवा," मी म्हणालो.

"कालीमाचा लाल दिवा," हारानदा म्हणाला.

"आणि?"

सगळे पुन्हा वाकून बघू लागले. मग मुश्ताकने कपाळावर हात मारला. तो आवाज पंचाननकाकांच्या खिडकीपर्यंत गेला असेल.

"या अल्ला! चार्जिंगचा दिवा! तो लागतच नाहीये!"

"बरोबर. चावी फिरवली की तो लागायला हवा आणि इंजिन चालू झालं की विझायला हवा. या गाडीत तो लागतच नाही. पण एकजण मोबाइल बघतो, एकजण बॉनेटकडे पळतो आणि एकजण डोळे मिटतो. शिवाय समोर दोन लाल दिवे रोज लागतातच. तिसरा गेला हे कुणाला कळणार?"

"पण दीदी," पिनाकी म्हणाला, "एवढ्याशा दिव्याने बॅटरी कशी मरेल? तो तर नुसता दाखवायला असतो."

"इथेच सगळे फसतात. गावाकडचा हापसा पाहिलायस? कोरडा पडला की आधी वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं, मग तो खालचं पाणी ओढतो. आल्टरनेटर तसाच. त्याला जागं करायला बॅटरीतली चिमूटभर वीज आधी द्यावी लागते, आणि ती जाते या दिव्याच्या बल्बमधून. बल्ब नाही, म्हणजे तांब्याभर पाणी नाही. मग हापसा चालतो कधी? एखाद्या दांडग्या पोराने जीव खाऊन हापसला तर. टुबलू तेच करतो. रेस देणारा मुश्ताकही तेच करत होता. एकदा जागा झाला की आल्टरनेटर गाडी बंद होईपर्यंत चालतो. हारानबाबू गाडीला जपतात, रेस देत नाहीत. त्यांच्या हातात तो जागाच झाला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळपासून फेऱ्या, दिव्यांची माळ, हॉर्न, मुंगीची चाल. बॅटरी उपाशीपोटी वरात काढत होती."

मुश्ताकने डॅशबोर्डखाली हात घालून दिव्याचा होल्डर ओढून काढला. तो रिकामा होता.

"बल्बच नाही! कुणी नेला?"

हैमंतीदी आता सावकाश बोलू लागल्या. "विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कालीमाचा बल्ब गेला होता. बाजार बंद. तरी संध्याकाळी दिवा लागला. म्हणजे बल्ब दुकानातून आला नाही, याच गाडीतून आला. त्याच मापाचा बल्ब कुठून गायब आहे, ते आत्ता पाहिलंत. होल्डर नुसत्या हाताने निघतो, हत्यार लागत नाही. त्यानंतर आश्विन आणि कार्तिकात आपल्याकडे लग्नं नसतात. हारानबाबू गावी होते, गाडी टुबलूकडे होती. म्हणून अग्रहायणात लग्नं सुरू होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही. आता त्या दिवशी कोण कुठे होतं ते बघा. मुश्ताक त्याच्या पूजेत. निमाई आणि टुबलू गच्चीवर पतंग उडवत. हारानबाबू सकाळीच गावाला गेलेले. मग दिवसभर या गाडीजवळ कोण होतं? तिला हार कुणी बांधले? आणि दिवा आपोआप लागला असं कुणी सांगितलं?"

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. पिनाकी शीलचा चेहरा माळेतल्या रजनीगंधासारखा पांढरा पडला होता.

"अहो, पण... आईपुढे अंधार!" त्याची ततपप झाली. "वर्षाची पूजा आणि आईपुढे अंधार कसा ठेवायचा? आणि तो दिवा तर बिनकामाचा! गाडी चालू झाली की विझतो. मला वाटलं, विझणाऱ्या दिव्याला बल्ब हवाच कशाला? हत्याराला हात लावला नाही हो, आईशप्पथ! दोन बोटांनी ओढला!"

आधी टुबलू हसला. मग सगळी गल्ली हसली. मुश्ताक तर बॉनेटवर हात आपटून हसत होता.

"आणि हारानदाला खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तो आल्या आल्या म्हणाला, आईने लावला का? मी म्हटलं, असेल, त्याच संध्याकाळी आपोआप लागला. मग तो सगळीकडे तेच सांगत सुटला. नंतर मी कशाला तोंड उघडू?"

"आणि त्यालाच चोर म्हणालास," हैमंतीदी म्हणाल्या.

मुश्ताकने बॉनेटवरून हात काढून घेतला.

६

मी दुकानातून एक बल्ब घेऊन आलो. मुश्ताकने तो बसवला. हारानदा चाकावर बसला, पण या वेळी त्याने डोळे उघडे ठेवूनच नमस्कार केला. चावी फिरवली, चार्जिंगचा दिवा लाल झाला. इंजिन लागलं, हलकं, नेहमीसारखं. दिवा विझला आणि मीटरचा काटा कुणी ढकलल्याशिवाय सरळ चौदावर गेला.

गल्लीत असा जल्लोष झाला की जणू फुटबॉलात मोहन बागान जिंकलं. कुणीतरी गाडीचे दिवे लावले, हॉर्न वाजवला. हॉर्न असा खणखणीत वाजला की रकावरची मांजरं पळाली. वरच्या मजल्यावरून शंख वाजला. हैमंतीदींनी कुणाकडून तरी नवा मुढीचा ठोंगा मिळवला होता आणि त्या मजेत खात उभ्या होत्या. मला इतका आनंद झाला होता की मी मुश्ताकला मिठीच मारली.

पिनाकी गाडीच्या दाराशी आला. त्याने हात जोडले. "हारानदा, मी चुकलो. तुम्हाला एकेरी बोललो, चोर म्हणालो. उद्या बागबाजारचं लग्न तुम्हीच न्यायचं. बसा, चाक तुमचंच आहे."

हारानदा खाली उतरला. सगळ्यांना वाटलं, आता तो पिनाकीला जवळ घेईल. पण त्याने मागचं दार उघडलं आणि जिथे नवरदेव बसतो त्या जागी जाऊन ताठ बसला.

"बाबू, चोर म्हणालात ते सगळ्या गल्लीसमोर," तो शांतपणे म्हणाला. "आता तुम्ही गाडी चालवा. आधी गल्लीभर, मग श्यामबाजारच्या स्टँडवर. तिथे उतरून तुम्हीच सांगायचं. उद्याचं लग्न मी नेतो, पण हे आधी."

पिनाकीने मदतीसाठी हैमंतीदींकडे पाहिलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि चाकाकडे बोट दाखवलं. पिनाकी जाऊन चाकावर बसला.

गाडी हळूहळू निघाली. बायकांनी उलुध्वनी, म्हणजे जिभेने काढायचा मंगल नाद, केला, कुणी खिडकीतून फुलं टाकली. बायकांना मागे कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. लग्नाची गाडी निघाली की त्यांचा आवाज आपोआप निघतो. प्रत्येक दारासमोर पिनाकी गाडी थांबवत होता, काच खाली करून, मान खाली घालून सांगत होता, "हारानदाने चोरी केली नव्हती. बल्ब मी काढला होता." पंचाननकाकांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्यासाठी त्याला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि स्टँडच्या दिशेने गेली. मागे हारान माइती बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि कुणी नमस्कार केला की नवरदेवासारखी मान हलवून तो घेत होता.